संकोचासकट एक पाऊल पुढे

ऑकलंडमधल्या न्यू लिन स्टेशनात गाडी जमिनीच्या पातळीखालच्या फलाटावर थांबते आणि संध्याकाळी तिथून माणसांचा लोंढा वर बसथांब्यांकडे निघतो. त्या लोंढ्यात कधी एखादे आजोबा वेळापत्रकाच्या फलकासमोर गोंधळून उभे असतात. एखादी आई एका हाताने बाबागाडी आणि दुसऱ्या हाताने सामानाच्या पिशव्या सावरत असते. कुणाच्या तरी हॉप या प्रवासकार्डातले पैसे संपलेले असतात. जवळून जाणाऱ्या कित्येकांच्या मनात येते, ‘विचारावं का?’ पावले जरा मंदावतात. लगेच दुसरा विचार येतो, ‘नको, त्यांना आवडणार नाही.’ पावले पुन्हा वेग घेतात आणि घरी पोचल्यावर चुटपुट लागून राहते.

ज्यांना ही चुटपुट ओळखीची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. विशेषतः महाराष्ट्रातून इथे येऊन स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी आहे, कारण आपण दर रविवारी शेजारप्रीतीबद्दल ऐकतो आणि सोमवारी शेजाऱ्याच्या दारावर टकटक करायला बिचकतो. मला जे सांगायचे आहे ते थोडक्यात असे: संकोच संपण्याची वाट पाहू नका. तो बहुधा संपत नाही. तो असतानाच एक लहान, नेमकी कृती करा. चांगुलपणा अशाच कृतींनी अंगवळणी पडतो.

मन चांगले असूनही पाय का अडतात

संकोच म्हणजे प्रेमाचा अभाव, असे समजून पुष्कळ श्रद्धावंत स्वतःला दोष देत बसतात. हा दोष बहुधा चुकीच्या जागी लावलेला असतो. १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन येथे धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना भाषण देण्यासाठी दुसऱ्या इमारतीत जायला सांगितले होते. वाटेवरच्या बोळात एक माणूस खोकत, कण्हत, मान खाली घालून बसलेला होता. ज्यांच्याजवळ सवड होती त्यांच्यापैकी ६३ टक्के विद्यार्थी मदतीला थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यातले फक्त १० टक्के थांबले. काही विद्यार्थी चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावरच बोलायला निघाले होते, पण त्या विषयाने लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने.

त्याआधी, १९६८ मध्ये डार्ली आणि बिब लाटाने यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. पलीकडच्या खोलीत कुणाला तरी झटका आला आहे आणि ते ऐकणारे आपण एकटेच आहोत, असे ज्यांना वाटले त्यांच्यातल्या ८५ टक्के लोकांनी तातडीने कळवले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटले, तेव्हा हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. प्रत्येकाला वाटते, कुणीतरी जाईलच. गर्दीतल्या माणसाला मदत कमी मिळते ती अशी.

यातून दोन सोप्या गोष्टी शिकता येतात. पहिली, दिवसात थोडी सवड राखून ठेवा. गाडीच्या वेळेपेक्षा दहा मिनिटे आधी घराबाहेर पडणारा माणूस थांबू शकतो. दुसरी, गर्दीत असाल तेव्हा मनाशी म्हणा, ‘इथे मी एकटाच आहे.’ दुसरा कुणी आधीच पुढे गेला असेल तर उत्तमच. त्याला विचारा, ‘मी काय करू?’

शोमरोनी माणसाने नेमके काय केले

लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला हा दाखला इतक्या वेळा ऐकलेला असतो की त्यातले तपशील नजरेआड होतात. ते एकेक करून पाहावेत. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटलेला, अर्धमेला माणूस पडला आहे. याजक आणि लेवी दोघेही त्याला पाहतात आणि दुसऱ्या बाजूने निघून जातात. शोमरोनी माणूस त्याला पाहतो आणि जवळ जातो. सारा फरक या जवळ जाण्यात आहे. पुढची प्रत्येक गोष्ट त्यानंतर घडते.

मग तो आपल्याजवळ आहे तेच वापरतो: प्रवासात बरोबर घेतलेले तेल आणि द्राक्षारस, स्वतःचे जनावर, खिशातली दोन नाणी. तो वैद्य नाही. त्याने त्यासाठी काही शिकून घेतलेले नाही. जखमीला तो उतारशाळेत पोचवतो, रात्रभर त्याची काळजी घेतो आणि दुसऱ्या दिवशी जबाबदारीचा पुढचा भाग उतारशाळेच्या मालकाकडे सोपवून आपल्या कामाला निघतो. जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असेही सांगतो. त्याचा प्रवास मोडत नाही, थोडा लांबतो.

मदत करायला बिचकणाऱ्या प्रत्येकाला यात मोठा दिलासा आहे. प्रभू येशूने आदर्श म्हणून पुढे ठेवलेला माणूससुद्धा सगळे एकट्याने निभावत नाही. तो जवळ जातो, असेल ते देतो, गरज भासते तिथे दुसऱ्याला सामील करून घेतो आणि दिलेल्या शब्दापुरता बांधील राहतो. ‘एकदा हात दिला तर हे कायमचं गळ्यात पडेल’ ही भीती ज्यांना अडवते, त्यांनी उतारशाळेचा हा भाग पुन्हा वाचावा.

मनातली पाच बोलणी

संकोच मनात ठरावीक वाक्यांत बोलतो. ती वाक्ये ओळखून ठेवली आणि त्यांची उत्तरे तयार असली, की वेळेला अडखळणे कमी होते.

‘माझं इंग्रजी तितकं चांगलं नाही.’ न्यू लिनच्या ग्रेट नॉर्थ रोडवर एक फेरी मारली तरी किती तऱ्हांचे इंग्रजी कानावर पडते! इथे चिनी, भारतीय, सामोअन, टोंगन, माओरी, पाकेहा अशी सगळी माणसे राहतात आणि अनेकांची घरची भाषा वेगळी आहे. मदतीसाठी तीन शब्द पुरतात: ‘नीड अ हँड?’ इथली माणसे एकमेकांना हेच विचारतात. तेवढेही सुचले नाही तर पिशवीकडे बोट दाखवून हसलात तरी अर्थ पोचतो.

‘लुडबुड वाटेल.’ हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर विचारण्यात आहे. हात लावण्याआधी विचारा. व्हीलचेअर ढकलण्याआधी, बाबागाडी उचलण्याआधी, अंध व्यक्तीचा दंड धरण्याआधी विचारा. येशूने यरीहोजवळच्या आंधळ्याला, ‘मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे,’ अशा अर्थाचा प्रश्न आधी विचारला. त्याची गरज उघड दिसत असतानाही विचारला. त्या विचारण्यात त्या माणसाचा मान होता. उत्तर नकाराचे आले तर ‘नो वरीज’ म्हणून पुढे निघा. नकार मदतीला असतो, तुम्हाला नसतो.

‘एवढ्याशा गोष्टीने काय होणार?’ मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू प्यालाभर गार पाण्याचा उल्लेख करतो आणि त्याचेही प्रतिफळ बुडणार नाही असे सांगतो. हे न्यू लिनला सहज पटावे. इथल्या मातीतून विटा, पाइप आणि पुढे क्राउन लिनची भांडी घडली. त्या कारखान्याच्या कप-बशा देशभरातल्या घरांत आणि रेल्वेच्या उपाहारगृहांत वापरल्या जात. १९८९ मध्ये कारखाना बंद झाला, पण ‘ते तोई उकू’ या इथल्या संग्रहालयाने ती भांडी जतन केली. कपभर चहा ही या गावची जुनी ओळख आहे आणि कपभर चहाने किती होते याचा अंदाज आपण नेहमी कमी करतो. २०२२ मध्ये अमित कुमार आणि निकोलस एपली या अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात शिकागोच्या बर्फावरच्या स्केटिंग रिंकमध्ये लोकांनी अनोळखी माणसांना गरम चॉकलेटचा कप दिला. घेणाऱ्यांना झालेला आनंद देणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त निघाला. देणारा वस्तूकडे पाहतो, घेणाऱ्याला त्यामागचा जिव्हाळाही पोचतो.

‘फसवणूक झाली तर?’ सावधपणा आणि दया यांचे वैर नाही. उघड्यावर, माणसांच्या वर्दळीत मदत करा. अनोळखी माणसाच्या गाडीत बसू नका, त्याला घरात घेण्याची घाई करू नका, बँकेचे कार्ड किंवा फोन हातात देऊ नका. पैसे द्यावेत की नाही असे वाटत असेल तर जेवण विकत घेऊन द्या. भांडण, रक्तस्राव, बेशुद्धी असे काही दिसले तर १११ ला फोन लावणे हीच तुमची मदत. एवढे सांभाळूनही कधी फसगत झालीच, तर ती झेलण्याइतकी उदारता श्रद्धावंताकडे असावी.

‘मी ख्रिस्ती आहे, धर्मप्रचार करतोय असं वाटेल.’ मराठी ख्रिस्ती माणसाला हा संकोच विशेष असतो. त्याचे उत्तर लूकच्या सतराव्या अध्यायात आहे. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले. आभार मानायला एकच परत आला आणि तो शोमरोनी होता. उरलेल्या नऊ जणांचे बरे होणे काही काढून घेतले गेले नाही. आपली मदत अशी बिनशर्त असली पाहिजे. पिशवी उचलून देण्याच्या बदल्यात कुणी आपले ऐकून घ्यावे, उपासनेला यावे, असा हिशेब मनातही नको. कुणी आपणहून विचारले, ‘तुम्ही हे का करता?’ तर दोन वाक्यांत खरे ते सांगा आणि थांबा.

कठीण दिवशी या गावाने काय केले

३ सप्टेंबर २०२१ हा दिवस न्यू लिन विसरलेले नाही. कोविडमुळे ऑकलंडमध्ये कडक निर्बंध होते आणि लोक फक्त जरुरीच्या खरेदीसाठी बाहेर पडत होते. इथल्या लिनमॉलमधल्या सुपरमार्केटात एका माणसाने ग्राहकांवर चाकूने हल्ला केला. अनेक जण जखमी झाले. पोलिसांनी हल्लेखोराला गोळी घातली. त्या काही मिनिटांत साध्या ग्राहकांनी जे केले ते कुणी शिकवलेले नव्हते. काहींनी ओरडून इतरांना सावध केले, काही जखमींजवळ गेले आणि फळ्यांवरचे टॉवेल, बाळांच्या नॅपी हाताला येतील तशा घेऊन जखमा दाबून धरल्या.

तेलाच्या जागी टॉवेल, द्राक्षारसाच्या जागी नॅपी! जवळ आहे तेच वापरणे दाखल्यातही होते आणि इथेही होते. असा प्रसंग पुन्हा कुणावर न येवो. पण त्या दिवशी पुढे झालेले हात आधीच्या दिवसांतही कुणाचे तरी होतेच. रोजच्या लहान गोष्टींत पुढे होण्याची सवय असली, तर मोठ्या प्रसंगी विचार करायला वेळ लागत नाही.

२७ जानेवारी २०२३ च्या पुरातही ऑकलंडने हेच पाहिले. पश्चिम भागात घरांत पाणी शिरले आणि शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना बाहेर काढले, चिखल उपसला, गाद्या रस्त्यावर ओढून नेल्या. ज्यांना शेजाऱ्याचे नाव आणि फोन नंबर आधीपासून माहीत होता, त्यांना हाक मारणे सोपे गेले असणार हे उघड आहे. म्हणून ओळख पूर येण्याआधी करून ठेवायची.

पायरी पायरीने

एकदम मोठा संकल्प सोडू नका. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण घ्या. पती नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंना दुसऱ्याच्या हातचे पाणीही चालत नव्हते. त्यांचे मन एका रात्रीत बदलले नाही. एकेक बंधन त्यांनी विचार करून, झगडून सोडले आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. जिला परक्याच्या हातचे पाणी नकोसे होते, त्या बाईचे घर पुढे अनेकांचा आसरा झाले. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला हा बदल पायरी पायरीने दिसतो. आपल्या पायऱ्या तर याहून कितीतरी सोप्या आहेत.

पहिली पायरी, नजर आणि नाव. बसमधून उतरताना इथे लोक ड्रायव्हरला ‘थँक यू’ म्हणतात, तुम्हीही म्हणा. रोज दिसणाऱ्या शेजाऱ्याला, दुकानातल्या काउंटरवरच्या मुलीला नाव विचारा आणि पुढच्या वेळी नावाने हाक मारा.

दुसरी पायरी, ताटली. शरद ऋतूत इथल्या परसांत फिजोआ इतके येतात की लोक खोके भरून फाटकाबाहेर ठेवतात. कुणी फिजोआ किंवा लिंबे दिली तर आपल्या रीतीप्रमाणे भांडे रिकामे परत करू नका. नाताळच्या करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या मंडळीत वाटतोच, त्यातल्या दोन ताटल्या डाव्या-उजव्या शेजाऱ्यांसाठी काढा. बरोबर एक चिठ्ठी ठेवा: त्यात शेंगदाणे, काजू, दूध, अंडे काय आहे ते लिहा. ॲलर्जी असणाऱ्यांना आणि काही पदार्थ वर्ज्य असणाऱ्यांना ती चिठ्ठी पदार्थाइतकीच मोलाची वाटते. मार्च महिन्यात देशभर ‘नेबर्स आओतेआरोआ’ हा शेजारओळखीचा उपक्रम चालतो. पहिल्यांदा दार वाजवायला ते निमित्तही पुरते.

तिसरी पायरी, नेमके विचारणे. आजारी, बाळंतीण किंवा दुःखातल्या माणसाला ‘काही लागलं तर सांगा’ म्हटले की तो सहसा काही सांगत नाही. त्याऐवजी म्हणा, ‘मी गुरुवारी बाजारात जातेय, तुमचं दूध-ब्रेड आणू का?’ किंवा ‘मंगळवारी कचऱ्याचा डबा मी बाहेर काढून ठेवतो.’ वार आणि काम ठरले की समोरच्याला ‘हो’ म्हणणे सोपे जाते आणि तुम्हाला टाळणे अवघड जाते. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात उघड्या-उपाशी भावाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्याला ‘त्याचा काय उपयोग?’ असा जो प्रश्न विचारला आहे, तो ध्यानात ठेवावा.

चौथी पायरी, उतारशाळा माहीत असणे. गरज आपल्या आवाक्याबाहेरची असेल तर कुठे पाठवायचे हे ठाऊक हवे. घर, नोकरी, व्हिसा, घरमालकाशी वाद अशा प्रश्नांवर सिटिझन्स ॲडव्हाइस ब्युरो विनामूल्य माहिती देतो. अन्न आणि निवाऱ्यासाठी शेजारच्या ग्लेन ईडनमध्ये बाप्टिस्ट मंडळीच्या कामातून वाढलेली व्हिजनवेस्ट आहे, आणि शहरात १९२० मध्ये जॅस्पर काल्डर या धर्मगुरूंनी सुरू केलेले ऑकलंड सिटी मिशन आहे. मन खचलेल्या माणसाला १७३७ या क्रमांकावर कधीही विनामूल्य फोन किंवा मेसेज करता येतो. हे तपशील फोनमध्ये लिहून ठेवा. नुसता पत्ता देण्याऐवजी शक्य असेल तर बरोबर जा. अनोळखी कार्यालयाच्या दारातून आत जाताना कुणी सोबत असणे हीदेखील मोठी मदत असते.

घ्यायलाही शिका

परदेशात आलेले आपण देण्याच्या बाबतीत उदार असतो, मागण्याच्या बाबतीत मात्र ताठ. ‘कुणाचे उपकार नकोत’ हे बाळकडू असते. पण योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीपाशी दमून बसला आहे आणि शोमरोनी स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो. पुढचा सगळा संवाद त्या मागण्यातून सुरू होतो. शेजाऱ्याकडे शिडी मागणे, लॉनमोवर कसा चालवायचा ते विचारणे, मुलाला शाळेतून आणायला सांगणे, यातून समोरच्याला कळते की त्याचीही आपल्याला गरज आहे. नाते दोन्ही बाजूंनी चालले तरच टिकते. जो कधीच काही घेत नाही, त्याच्या देण्याचे ओझे होते.

मंडळीने काय करावे

वैयक्तिक संकोच पुष्कळदा सोबतीने सुटतो. येशूनेही शिष्यांना दोघा-दोघांना पाठवले. मंडळीत दोन कुटुंबांची जोडी लावा आणि प्रत्येक जोडीने महिन्यातून एकदा एखाद्या एकट्या राहणाऱ्या व्यक्तीकडे जावे, अर्धा तास बसावे, तिचे ऐकावे. मुलांना बरोबर न्या. थोरामोठ्यांना दार वाजवताना पाहिलेले मूल पुढे स्वतः दार वाजवते. गृहसभेत प्रार्थनेचे विषय विचारतो तसे ‘या आठवड्यात कुणापाशी थांबलात, आणि कुठे थांबायचं राहिलं?’ हेही विचारा. उत्तरे बाहेर सांगू नका. मदत घेणाऱ्याचा फोटो काढू नका, त्याची कहाणी ग्रुपवर टाकू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही पर्वतावरील प्रवचनातली शिकवण आजच्या फोनच्या काळात अधिकच गरजेची आहे.

कधी प्रसंग निसटेल. स्टेशनात पावले थांबणार नाहीत आणि पुन्हा चुटपुट लागेल. तिच्यात घुटमळत बसू नका. रात्रीच्या प्रार्थनेत त्या अनोळखी माणसासाठी दोन शब्द बोला आणि उद्यासाठी उघडे डोळे मागा. पौल गलतीकरांना चांगले करताना न थकण्याबद्दल लिहितो, त्यात हे पुन्हा पुन्हा सुरुवात करणेही आलेच.

नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात एक रोखठोक सल्ला आहे: देण्याजोगे आपल्यापाशी असताना शेजाऱ्याला ‘उद्या ये’ म्हणू नये. तेव्हा पुढच्या रविवारची वाट पाहू नका. तुमच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाचे नाव तुम्हाला ठाऊक नसेल, तर आज संध्याकाळी दार वाजवा, आपले नाव सांगा आणि त्याचे विचारा.